कडीवरचं फडकं

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आत्या,

आधी पाया पडतो, मग शिव्या खातो. न सांगता निघालो.

तू म्हणालीस, "डोळे दाखवायला उद्याच जाणार होते, पण तू दोन वर्षांनी उगवलास. आता परवा जाईन. उद्या तुला समोर बसवून खायला घालते." मी हो म्हणालो. म्हणताना खरंच राहणार होतो. पण पहाटे जाग आली आणि पाय शिवशिवायला लागले. भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, आता भोग. शिवाय उजाडलं असतं की समोरून ताईने पाहिलं असतं, आणि तिच्या तोंडाला तोंड द्यायची माझी अजून छाती नाही. तिला सांगू नकोस हं मी आलो होतो ते. वचन दिलंयस.

तू गाढ झोपली होतीस, आणि काय घोरत होतीस! फळीवरचा चमचा थरथरत होता, शपथ. जन्मात पहिल्यांदा तुला घोरताना ऐकलं. हळूच एक हाक मारली, उठली नाहीस. मला हसूच आलं. म्हटलं, वॉर्डात तीस वर्षं दुसऱ्यांच्या उशा सरळ केल्यास, गल्लीत दहा वर्षं दुसऱ्यांची दारं वाजवलीस, झोप एक दिवस.

बाहेर आलो तर कडीला तुझं फडकं. तेच, माझ्या शाळेच्या निळ्या चौकडीच्या शर्टाचं. ते तसंच राहिलं तर साडेसातला ताई दार बडवणार आणि तुझी झोप मोडणार. म्हणून सोडून घेतलं. दार ओढल्यावर आपोआप लागतं, परत आत कसं ठेवणार? मग तू माझ्यासाठी उकडलेली चार अंडी त्यातच बांधली. शर्ट मुळात माझाच, तेव्हा चोरी नाही.

गाडीत शेजारी एक माणूस मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसला होता. बंद पडलेलं. मी म्हटलं, दुरुस्तीला? म्हणे, नाही, दुरुस्त करूनच आणलं. यावर एक गोष्ट लिहिणार होतो, पण ती राहू दे.

इथे दगडावर अक्षरं कोरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताखाली आहे. डिसेंबरातल्या कार्डावर पत्ता दिलाय तोच. त्याला आपल्या गल्लीची पद्धत सांगितली. एकटं राहणारं माणूस झोपताना कडीला फडकं बांधतं, उठलं की सोडतं. साडेसातला ज्याचं लटकत असेल त्याच्या दारात आत्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन हजर. म्हातारा छिन्नी थांबवून म्हणाला, "आणि तिचं फडकं कोण बघतं?" मी म्हटलं, समोरची ताई, माझी बहीण. शिवणयंत्रावर बसली की दार तिच्या नाकासमोर. "मग बरं आहे," म्हणाला आणि परत ठोकायला लागला.

डोळे दाखव. पुढच्या वेळी चार दिवस राहीन. पाच.

तुझा
भिंगरी


रविवार, १५ फेब्रुवारी

भिंगरी,

हे उभ्याउभ्या वाचू नकोस, कुठेतरी बस. आत्या गेली.

तिला पोचवायला तुला बोलवावं तर तुझा पत्ता नव्हता. काल तिच्या बटणांच्या डब्यात तुझं डिसेंबरचं कार्ड सापडलं. तो डबा तेवढा मी आधीच घरी आणला होता.

बुधवारी दुपारी ती जुडगा माझ्याकडे देऊन सांगून गेली होती, "उद्या पहाटेच्या गाडीने डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. शनिवारी संध्याकाळी येईन. तोवर फेरी तू कर." गुरुवारी साडेसातला कापड बेतताना मी समोर पाहिलं. कडी मोकळी होती. म्हटलं, उठली, गेली. जुडगा घेतला आणि फेरीला निघाले. शुक्रवारी तसंच. शनिवारी संध्याकाळची गाडी आली, उतारू पांगले, ती नाही. तेव्हा किल्ली लावून आत गेले.

ती खाटेवरून खाली पडलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. प्रवासाची पिशवी कोपऱ्यात भरलेली. पाण्याचा तांब्या आडवा, आणि पाणी कधीच वाळून गेलेलं. खाटेपासून दाराकडे दोन हात सरकली होती. उजव्या हाताच्या नखांवरून ते कळलं.

डॉक्टर म्हणाले, झटका झोपेतच आला, बुधवारी रात्री नाहीतर गुरुवारी पहाटे. अशा वेळी माणूस फार मोठ्याने घोरतं, बघणाऱ्याला वाटतं गाढ झोपलंय. जीव मात्र शुक्रवारी दुपारनंतर गेला. मी विचारलं, गुरुवारी सकाळी उचलली असती तर? त्यांनी आधी हात धुतले, पुसले, मग म्हणाले, "बहुतेक."

आता माझं ऐक. फडकं घरात कुठेच सापडलं नाही. खुंटी रिकामी. गल्लीचं म्हणणं असं, की ते वाऱ्याने उडालं. तिच्या शेजारचे टायपिस्टकाका सगळ्यांदेखत मला म्हणाले, "हाताने सोडलेलं आणि वाऱ्याने उडालेलं, लांबून दोन्ही सारखंच दिसतं, बाई. तुम्ही दार वाजवायला हवं होतं." नंतर किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडून मागून घेतला. तो त्यांच्याकडे खिळ्याला टांगलाय. आत्याच्या घराची किल्लीही त्यातच. फेरी बंद. मी रस्त्याने गेले की माणसं गप्प होतात. दहा वर्षं आत्याबरोबर ज्यांच्या पाठी चोळल्या, ते आता दाराची साखळी काढत नाहीत.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चुलीवरच्या पातेल्यात अंडी उकडल्याचं पाणी होतं. आत्या अंडं खात नव्हती.

गल्लीच्या वळणावर, जिथे ती दम खायला टेकायची, तिथे तिच्या नावाने बाक आणि दगड बसवायचं ठरलंय. पुढाकार टायपिस्टकाकांचा, गेले आठ दिवस ते झपाटल्यासारखे त्याच्याच मागे आहेत. मजकूर त्यांनीच टाइप केला, सोबत पाठवतेय. तू अक्षरं कोरतोस हे कार्डात वाचलं, म्हणून मीच म्हटलं, घरचा हात लागू दे. जमेल का कळव.

मागच्या वेळी मला दवाखान्यात बसवून "पाच मिनिटांत येतो" म्हणालास, त्याला दोन वर्षं झाली. या वेळी तसं नको.

ताई


मंगळवार, २४ फेब्रुवारी

ताई,

काय लिहू? तीन कागद फाडले.

दगड कोरतो. म्हाताऱ्याने एक काळा दिलाय, कडेला किंचित टवका आहे, पण दर्शनी बाजू स्वच्छ. दगडाची गंमत अशी, की ओला केल्याशिवाय त्याची शीर दिसत नाही. शिरेवर अक्षर आलं की ते तुटणारच, कितीही हलका हात ठेव. म्हणून आधी पाणी, मग खडू, मग छिन्नी. म्हातारा सांगतो, त्याने एकदा एका सावकाराच्या दगडावर 'दयाळू' कोरलं आणि त्यातला 'द' उडाला. घरच्यांनी तसाच बसवला. त्याला विचारलं, सावकार खरंच दयाळू होता का? तर म्हणे, खरं मला काय ठाऊक, मी अक्षरं बघतो. त्याचे डोळेही गेलेत तसे. बोटांनी वाचतो.

मजकूर मिळाला. 'सर्वांची आत्या' चांगलं आहे. 'जिने रोज आमची दारं वाजवली' हेही. खालची ओळ, 'झोपेतच शांतपणे गेली', ती जरा लांब आहे. बसेल की नाही बघतो.

अंड्यांचं म्हणशील तर कुणा शेजाऱ्यासाठी उकडली असतील. तिचं काय, कुणी म्हणालं भूक लागलीय की चूल पेटली. मी तर तिला दोन वर्षांत भेटलो नाही, मी काय सांगणार?

आणि फडक्याचं मनाला लावून घेऊ नकोस. या दिवसांत वारा सुटतोच. उडालं असेल. तू तरी काय करणार?

एक काम कर. आत्याच्या घरी माझं एखादं पत्र आलं असलं तर न उघडता जाळून टाक. असंच काहीबाही लिहिलं होतं, थट्टामस्करी. आता ती नाही तर ते वाचणं कुणालाच सोसणार नाही.

खाणीत काल एक ससा अडकला होता. काढला आम्ही. लंगडत गेला.

भिंगरी


बुधवार, ४ मार्च

भिंगरी,

वाऱ्याचं तूही म्हणालास. गल्ली म्हणाली तेव्हा मी रडले नव्हते.

मागच्या सोमवारी शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या गवंड्याचं फडकं दहा वाजले तरी लटकत होतं. मला माझ्या खिडकीतून दिसत होतं. धावत टायपिस्टकाकांकडे गेले, जुडगा मागितला. ते म्हणाले, "थांबा, मीच येतो," आणि चष्मा शोधत बसले. आत गेलो तेव्हा गवंडी न्हाणीत पडलेला, खुब्याचं हाड मोडलेलं. पहाटेपासून ओरडत होता म्हणे. वाचलाय. मला बघून तोंड फिरवलं.

हे असंच चालणार. एकेक जण असाच सापडणार, आणि आत्याच्या बाकावर बसून आम्ही हळहळणार.

आत्याचं दार नऊ तारखेपासून बंद आहे. तिचा एखादा फोटो शोधून आणायला येत्या रविवारी, आठ मार्चला उघडणार आहेत. मलाही बोलावलंय, कपाट लावायला. तिथे टपाल असलं तर तेव्हा मिळेल.

तुझ्या पत्राला इथे यायला तीन दिवस लागतात. तुला काही सांगायचं असेल तर वेळेत सांग. ससे नकोत.

ताई


शनिवार, ७ मार्च

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. हे उद्याच्या आत पोचणार नाही, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा आत्याला लिहिलेलं ते पत्र वाचून झालं असेल. तरी लिहितो. ते तू शोधून काढण्याआधी मी लिहायला बसलो, एवढं तरी माझ्या नावावर राहू दे. तेवढंही नको असेल तर तेही नको.

बुधवारी दिवेलागणीला मी आलो होतो. मागच्या दाराने. तिने अंडी माझ्यासाठी उकडली. डोळ्यांच्या दवाखान्याला जाणं तिने माझ्यामुळे एक दिवस पुढे ढकललं. तुला सांगणार नाही असं वचन मी घेतलं तिच्याकडून. म्हणून ती राहिलीय हे तुला कळलं नाही.

फडकं मी सोडलं, ताई. या हातांनी. वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. तुझं काही चुकलं नाही. तू जे पाहिलंस ते बरोबर पाहिलंस.

ती घोरत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हसलो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा म्हातारा समोर होता. त्याला कागदावरचं दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचत होतो. घोरण्याच्या वाक्यापाशी थांबलो. तो म्हणाला, पुढे? मी म्हटलं, पुढे काही नाही. मग तुला ते खोटं पत्र लिहिलं, आणि त्यात तुझ्याच डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवला. का, ते विचारू नकोस. पळायची सवय पायांना असते असं मला वाटायचं. तोंडालाही असते.

फडकं सोबत पाठवतोय. धुतलं नाही. त्यातली अंडी मी गाडीतच खाल्ली होती, मीठ लावून, फार चांगली लागली. हेही तुला कळायला हवं.

हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. टायपिस्टकाकांना आधी. तुझा जुडगा परत घे. गल्लीने मला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी तसाही तिथे नसतो.

दगड उद्या ट्रकने निघेल. खालची ओळ कोरली नाही. तीनदा खडूने लिहिली, तीनदा पुसली. म्हाताऱ्याने बोटं फिरवून विचारलं, इथे मोकळं का? सांगितलं. तो छिन्नी ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मोकळी जागा स्वतःच घासून गुळगुळीत केली.

भिंगरी


सोमवार, २३ मार्च

भिंगरी,

आठ तारखेला दार उघडलं आणि माझं पहिलं पाऊल तुझ्या पत्रावर पडलं. अक्षर ओळखलं, पदराआड केलं आणि आत्याच्या न्हाणीत उभी राहून वाचलं. फोटो त्या लोकांनीच निवडला.

तेव्हाच सगळ्यांना दाखवता आलं असतं. नाही दाखवलं. म्हटलं, बघू, याचं स्वतःचं येतं का. मंगळवारी आलं. दोन दिवस उशिरा. आत्याच्या दारातही मी दोनच दिवस उशिरा गेले होते, तेव्हा मी काय बोलणार.

काल बाक आणि दगड बसवला. सगळी गल्ली होती. गवंड्याला खुर्चीतून आणलं. टायपिस्टकाका उठले, दोन टाइप केलेले कागद वाचले, चांगले होते. शेवटी, "कुणाला काही बोलायचं असेल तर," असं म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी उठले. शिंपिणीला भाषण येत नाही. एका हातात फडकं धरलं आणि तुझी दोन्ही पत्रं वाचली. आधी आत्याला लिहिलेलं, मग मला लिहिलेलं खरं.

वाटलं होतं तुला शिव्या पडतील, आणि खरं सांगते, मला त्या ऐकायच्या होत्या. पहिल्या पत्रातल्या घोरण्यापाशी आले तेव्हाच टायपिस्टकाका बाकावर बसले होते. नव्या बाकावर, सगळ्यांच्या आधी. माझं वाचून झालं, तसे म्हणाले, "मीही ऐकलं."

कुणाला कळेना.

"आमची भिंत एकच आहे," ते म्हणाले. "गुरुवारी दिवसभर ऐकलं. दुपारी यंत्रावर बसलो होतो, तेव्हासुद्धा. दोनदा बाहेर येऊन तिच्या दाराकडे पाहिलं. कडी मोकळी होती. म्हटलं, फडकं सोडलंय, म्हणजे ठीक आहे. संध्याकाळी आवाज थांबला. म्हटलं, उठली."

गवंडी म्हणाला, "आणि बोल मात्र या पोरीला लावलास?"

टायपिस्टकाकांनी कोटाच्या खिशातून जुडगा काढला, बाकावर ठेवला आणि घरी गेले. ते गेल्यावर पाणीवाली हळूच म्हणाली, तिलाही शुक्रवारी काहीतरी घसटल्यासारखं ऐकू आलं होतं, तिला मांजर वाटलं. मग आणखी एकजण बोलला. ज्याने त्याने फडक्यावर विश्वास ठेवला, आपल्या कानांवर नाही. आत्याने लावलेली ती शिस्त, आणि तिच्याच शिस्तीने तिला आत ठेवलं.

दगडाखालची जागा मोकळीच ठेवलीय. कुणी भरू म्हणालं नाही.

आज सकाळपासून फेरी मी सुरू केली. आता फडकं असो नसो, प्रत्येक दार वाजवते. आतून माणसाचा आवाज आल्याशिवाय पुढचं दार घेत नाही. गवंड्याने पहिल्याच दिवशी आईबहीण काढली, ते चाललं, आवाज आला ना. टायपिस्टकाकांचंही वाजवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग "आहे," म्हणाले. एवढंच. उद्याही वाजवीन.

तुझं फडकं आत्याच्या कडीला बांधलं नाही. माझ्याच यंत्राच्या खणात आहे.

तुला माफ केलं असं समजू नकोस. पुढेमागे करीन असंही वचन देत नाही. तू पत्र लिहिलंस ते खरं, पण कधी लिहिलंस तेही मला ठाऊक आहे. इतक्यात इकडे येऊ नकोस. दारात दिसलास तर काय करीन, मला सांगता येत नाही.

पण एक कर. जिथे असशील तिथून दर रविवारी एक कार्ड टाकायचं. वर पत्ता आणि खाली एक शब्द. घड्याळं नकोत, दगड नकोत, माफी तर नकोच. कार्ड आलं नाही तर मी असेन तशी निघेन आणि तू पडला असशील तिथे येईन. याला माया समजू नकोस. ही फेरी आहे. आत्याच्या फेरीत तिला न आवडणारी माणसंही होती.

ताई


रविवार, २९ मार्च
दगडखाणीची चाळ, खोली चौथी

उठलो.